संसाराचा जमाखर्च : जर्मनींत गेलेल्या मुलांचा पैशाअडक्याचा व्यवहार

घरांतील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं परदेशीं निघाली, म्हणजे महिनाभर आधीं घरांत लगबग सुरू होते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या पुड्या बांधल्या जातात; लोकरीचे कपडे, औषधांची पेटी, कुलदैवताची तसबीर, एवढेंच काय पण लिंबाच्या लोणच्याची बरणीसुद्धां तीन तीन वेळां गुंडाळली जाते. या सर्व तयारींत एक गोष्ट मात्र हटकून मागें पडते, आणि ती म्हणजे तेथें गेल्यावर पैसा कोठें ठेवावयाचा, कसा द्यावयाचा व कसा घ्यावयाचा याची माहिती. 'गेल्यावर समजेल' असें म्हणून वडील मंडळी हा विषय सोडून देतात. समजतें हें खरें. पण तें समजेपर्यंत पहिले चारपांच आठवडे जे हाल होतात, ते बव्हंशीं टाळण्यासारखे असतात. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जर्मनीविषयींचीं पत्रें अलीकडे बरींच असतात, आणि आमच्या स्वतःच्या कुटुंबांतील दोन मुलें सध्यां त्याच देशांत आहेत. तेव्हां या महिन्याचें सदर त्या एका देशापुरतें लिहिण्याचें आम्हीं ठरविलें आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतींत पैशाचा पहिला प्रश्न घर सोडण्यापूर्वींच उभा राहतो. वर्षभर निर्वाह करण्याइतकी रक्कम आपल्यापाशीं आहे असें दाखविल्यावांचून जर्मन वकिलात व्हिसा देत नाहीं. बहुतेक विद्यार्थी ही रक्कम एका अडकविलेल्या खात्यांत भरतात. त्यास तिकडे 'शपेरकोंटो' म्हणतात. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षास ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो, अशी ठरविण्यांत आली. आंकडा वेळोवेळीं वाढत आलेला आहे, म्हणून अर्ज करितेवेळीं वकिलातीची त्या दिवसाची सूचना पाहून घ्यावी. पुष्कळ घरांत हे पैसे 'सरकारांत भरले' असें बोलतात. तसें नाहीं. ती फी नव्हे; पैसे विद्यार्थ्याचेच असतात आणि दरमहा ठरीव हप्त्यानें त्यास परत मिळतात. मात्र हा हप्ता मिळण्यासाठीं त्याचें तेथें एक चालू खातें असावें लागतें, आणि तें खातें उतरल्या दिवशीं उघडत नाहीं. येथेंच पुष्कळांची फसगत होते. कर्ज काढून, प्रसंगीं राहतें घर गहाण टाकून लाखों रुपये भरलेले असतात, आणि मुलापाशीं मात्र दूध-पावासाठीं पैसे नसतात. तेव्हां अडकविलेल्या रकमेखेरीज निदान महिना-दीड महिन्याच्या खर्चाची आणि घराच्या अनामतीची तजवीज निराळी करून द्यावी.

खातें उघडावयास वेळ कां लागतो, हें समजण्यासाठीं तेथील एक चक्र ध्यानांत घ्यावें लागतें. नव्या घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत जाऊन आपल्या पत्त्याची नोंद करावी, असा तेथें कायदा आहे. या नोंदीस 'आन्मेल्डुंग' म्हणतात. नोंदीसाठीं घरमालकानें सही केलेला दाखला लागतो. बहुतेक बँकांना खातें उघडतांना या नोंदीचा कागद हवा असतो. आणि घरमालक भाडें घेण्यासाठीं बँकेचें खातें विचारतो. म्हणजे घरावांचून खातें नाहीं आणि खात्यावांचून घर नाहीं, असा पेंच पडतो. मोठ्या शहरांत नगरकचेरीची वेळ मिळावयासच कित्येक आठवडे लागतात. म्हणून शहाणीं मुलें घरचा पत्ता निश्चित होतांच, सामान लावण्यापूर्वीं, कचेरीची वेळ मागून ठेवतात.

याच नोंदीच्या वेळीं तुमचा धर्म कोणता, असाही प्रश्न कागदावर असतो. तो कुतूहलानें विचारलेला नसतो. तेथें ख्रिस्ती पंथांच्या सभासदांकडून सरकार प्राप्तिकरावर ८ किंवा ९ टक्के चर्चकर वसूल करून देतें. हिंदूंना तो लागू नाहीं. परंतु कागद न वाचतां खुणा करणाऱ्यास आपण काय कबूल केलें तें पहिल्या पगाराच्या दिवशीं कळतें.

आणखी एक गोष्ट अगदीं क्षुल्लक वाटेल, पण तिच्यावांचून सारा व्यवहार अडतो. तेथील चाळवजा इमारतींत बिऱ्हाडांस बहुधा क्रमांक नसतात; दारावरील घंटेजवळ आणि टपालपेटीवर आडनांव लिहिलेलें असतें. पेटीवर नांव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचें कार्ड एका लखोट्यांत आणि त्याची गुप्त संख्या दुसऱ्या लखोट्यांत, निराळ्या दिवशीं येते. आमचा भाचा पहिले तीन आठवडे दोन्ही लखोट्यांची वाट पाहत बसला होता, आणि ते दोन्ही 'मनुष्य सांपडत नाहीं' म्हणून परत गेले होते. शेवटीं खोलीच्या मूळ भाडेकरूच्या नांवाखालीं त्यानें आपलें नांव एका चिठ्ठीवर लिहून चिकटविलें, तेव्हां गाडें सुरळीत झालें.

आतां खातें कोणत्या बँकेंत उघडावें? मुलें हल्लीं मोबाइलवरूनच उघडतां येणाऱ्या बँका पसंत करतात; तेथें पारपत्र दाखवून ओळख पटविण्याचें काम टपालकचेरींत किंवा चित्रफोनवर होतें. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु ज्यास अजून भाषा येत नाहीं त्यास समोर बसून बोलणारा मनुष्य मिळणें हें मोठें साह्य असतें, असें आमचें मत आहे. गांवोगांवीं 'शपारकासे' या नांवाच्या सार्वजनिक बचतपेढ्या आहेत. या परंपरेची एक अगदीं आरंभींची पेढी हांबुर्ग येथें १७७८ सालीं निघाली. दुसऱ्या म्हणजे 'फोल्क्सबांक' आणि 'रायफायझेनबांक' या सहकारी बँका. हीं नांवें वाचतांना मराठी माणसास परकें वाटण्याचें कारण नाहीं. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा ऱ्हाइन नदीच्या पलीकडील डोंगराळ मुलखांतील खेड्यांचा महापौर. १८४६-४७ च्या दुष्काळांत शेतकरी सावकाराच्या पाशांत कसा अडकतो तें त्यानें पाहिलें, आणि १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें परस्परांच्या जामिनकीवर चालणारी कर्जपेढी काढली. शहरांतील कारागिरांसाठीं तसेंच काम हेर्मान शुल्त्से यानें डेलिच गांवीं १८५० पासून चालविलें होतें. मद्रासचे सर फ्रेडरिक निकल्सन यांनीं या पेढ्यांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ सालीं अहवाल लिहिले, त्यांतून पुढें १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि १९०६ सालीं पुण्यांत कॉसमॉस बँकेचा जन्म झाला. बडोद्याचे विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनीं तर कायद्याची वाट न पाहतां १८८९ मध्येंच 'अन्योन्य' मंडळी काढली होती. तात्पर्य, ज्या कल्पनेवर आपल्या आजोबांच्या पिढीनें पतपेढ्या उभारल्या, तिच्या मूळ घरीं आपलीं नातवंडें आतां खातें उघडीत आहेत. तेथें आजही एक भाग विकत घेऊन सभासद होतां येतें, आणि भाग कितीही असले तरी मत बहुधा एकच असतें.

ज्यास बँका टोलवितात त्याच्यासाठीं कायद्यानें एक दार उघडें ठेवलें आहे. १९ जून २०१६ पासून, युरोपीय संघांत कायदेशीरपणें राहणाऱ्या कोणाही माणसास साधें खातें, म्हणजे 'बाझिसकोंटो', मागण्याचा हक्क आहे; त्याचा कायम पत्ता नसला तरी चालतो. अर्ज पुरा झाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेनें तें उघडून द्यावें लागतें, आणि नकार देण्याचीं कारणें कायद्यांत मोजकींच दिलीं आहेत. हें खातें फुकट नसतें, आणि त्यावर उसनवारी मिळत नाहीं. पण पगार जमा होणें, भाडें देणें आणि कार्ड वापरणें हीं कामें त्यावर होतात. अर्ज या नांवानेंच करावा. नुसतें 'खातें हवें' म्हटल्यास खिडकीवरील कारकून मान हलवून मोकळा होतो.

खात्याचा क्रमांक २२ अक्षरांचा असतो. आरंभीं देशाचीं दोन अक्षरें, मग पडताळ्याचे दोन अंक, त्यानंतर बँकेचे आठ आणि खात्याचे दहा. पडताळ्याचे अंक ९७ नें भागून येणाऱ्या बाकीवरून काढलेले असतात. त्यामुळें एखादा अंक लिहितांना चुकला तर यंत्र तेथेंच अडवितें. युरो चालणाऱ्या कोणत्याही देशांतील खातें जर्मनींत चालतें, आणि 'जर्मन खातेंच हवें' असा हट्ट मालकानें किंवा कंपनीनें धरणें कायद्यास धरून नाहीं. परंतु हातानें आंकडे लिहावयाची वेळ येते तेव्हां यंत्र साह्यास नसतें. जर्मन लोक एकास लांब शेंडी काढतात आणि साताच्या कमरेस आडवी रेघ मारतात. आपल्याकडील मुलानें इंग्रजी वळणाचा साधा सात लिहिला कीं तेथील कारकून तो एक म्हणून वाचतो. तसेंच हजार दाखविण्यासाठीं ते टिंब देतात आणि अपूर्णांकासाठीं स्वल्पविराम, '१.२५०' असें भाड्याच्या कागदावर दिसलें तर तें सव्वा युरो नव्हे, साडेबाराशें युरो होत. संख्या बोलण्याची रीत मात्र मराठी मुलांस फार सोपी जाते. इंग्रजांप्रमाणें ते 'वीस-एक' म्हणत नाहींत. 'एक-आणि-वीस' म्हणतात, म्हणजे आपलें एकवीसच. बत्तीस, सत्तेचाळीस, त्र्याऐंशी यांचा ज्यानें लहानपणीं परवचा म्हटला आहे, त्यास जर्मन दुकानदाराच्या तोंडची रक्कम लवकर उमगते. इंग्रजी शाळेंत वाढलेलीं आमचीं मुलें येथें अडखळतात, हा त्या शाळांचा दोष.

पैसे देण्याचे तेथें मुख्य तीन प्रकार. आपण होऊन एकदां रक्कम पाठविणें हा पहिला. ९ जानेवारी २०२५ पासून युरो देशांतील बँकांना दहा सेकंदांत पोंचणारे पैसे स्वीकारणें भाग झालें, आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून तसे पाठविण्याची सोय देणें व पाठविण्यापूर्वीं घेणाराचें नांव खात्याशीं जुळतें कीं नाहीं तें सांगणेंही भाग झालें. त्यासाठीं साध्या पाठवणीपेक्षां अधिक आकार घेतां येत नाहीं. मात्र दहा सेकंदांत गेलेले पैसे दहा वर्षांतही परत येतीलच असें नाहीं. नांव जुळत नाहीं अशी सूचना आली तर तेथेंच थांबावें.

दुसरा प्रकार म्हणजे बँकेस दिलेला कायमचा हुकूम : अमुक तारखेस अमुक रक्कम अमक्याच्या खात्यांत भरीत जावी. भाड्यास हाच योग्य. भाडें महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोंचावें असें कायदा सांगतो, आणि लागोपाठ दोन महिन्यांचें थकलें तर मालकास तात्काळ घर सोडावयास सांगतां येतें. आपल्याकडील घरमालकास 'दहा तारखेस देतों हो काका' म्हणून चालतें. तेथें तो शब्द ऐकावयास कोणी मनुष्यच नसतो.

तिसरा प्रकार आपल्या वडील मंडळींस प्रथम ऐकतांना भयंकर वाटतो. त्यास 'लास्टश्रिफ्ट' म्हणतात. यांत वीज कंपनी, फोन कंपनी किंवा विमा मंडळी आपली संमति एकदां घेऊन पुढें स्वतःच आपल्या खात्यांतून पैसे ओढून घेतात. 'म्हणजे आमच्या फडताळाची किल्ली दुसऱ्याकडे!' असे उद्गार आमच्या वडील बंधूंनीं काढले होते. वस्तुतः ही किल्ली बरीच सुरक्षित आहे. संमति दिलेली असूनही ओढलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आंत, कोणतेंही कारण न देतां, बँकेकडून परत मागतां येते. आणि संमतीच नसेल तर ही मुदत तेरा महिन्यांची आहे. आमच्या पुतणीच्या खात्यांतून एका फोन कंपनीनें एकाच महिन्याचे पैसे दोनदां ओढले. कंपनीस लिहिलेल्या तीन पत्रांस उत्तर आलें नाहीं. बँकेस कळवितांच दुसऱ्या दिवशीं रक्कम खात्यांत परत आली. पण या हक्काचा उपयोग समजून करावा. खरें देणें असतांना पैसे परत ओढले तर देणें फिटत नाहीं. उलट परतीचा खर्च, मग स्मरणपत्रें, मग वसुलीची कचेरी, असें दुष्टचक्र मागें लागतें. खात्यांत पुरेशी शिल्लक नसल्यानें हप्ता फिरला तरी तीच गत. म्हणून विम्याचा व विजेचा हप्ता कोणत्या तारखेस जातो तें लिहून ठेवून तितकी शिल्लक खालीं येऊं देऊं नये. चेक मात्र विसरावा. आपल्या सासरेबुवांनीं मोठ्या विश्वासानें दिलेलें चेकबुक तेथें पाहावयास मिळालें तर लोक त्याकडे जुन्या नाण्याप्रमाणें पाहतात.

रेडिओ-दूरदर्शनच्या वर्गणीचें पत्र प्रत्येकाच्या नांवानें येतें, आणि तें खोटें समजून पुष्कळ मुलें टाकून देतात. तें खरें असतें. ऑगस्ट २०२१ पासून या वर्गणीचा दर दरमहा १८ युरो ३६ सेंट झाला, आणि ती माणशीं नसून बिऱ्हाडास एक आहे. घरांत संच असो वा नसो. एका बिऱ्हाडांत चौघे विद्यार्थी असतील तर एकानें भरावी, बाकी तिघांनीं त्याचा क्रमांक कळवून मोकळें व्हावें, आणि त्यास आपापला वाटा द्यावा.

आपल्याकडे २०१६ पासून यूपीआय आलें आणि भाजीवालीसुद्धां चौकोनी चित्र पुढें करूं लागली. तेथें गेलेल्या मुलास याच्या उलट अनुभव येतो. एवढा यंत्रकुशल देश, पण जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत रोजच्या देण्यांपैकीं, संख्येनें मोजल्यास, ५१ टक्के रोखीनें झालेलीं आढळलीं. लहान खाणावळ, आठवड्याचा बाजार, पाववाला यांच्याकडे जातांना खिशांत नोटा असाव्यात. मोठ्या दुकानांतील ढकलगाडीसुद्धां नाणें घातल्याखेरीज सुटत नाहीं. भारतांतील कार्डानें तेथील यंत्रांतून रोकड काढतांना यंत्र मोठ्या आपुलकीनें विचारतें : 'रुपयांत हिशेब करूं कीं युरोंत?' युरोंतच करावा. रुपये निवडले तर हुंडणावळीचा दर तें यंत्र ठरवितें, आणि तो आपल्या हिताचा नसतो. येथून पैसे पाठवितांनाही बँकेचा आकार किती एवढेंच न पाहतां हुंडणावळीचा दर कोणता लावला तें पाहावें. खरी मेख तेथें असते.

यापुढचा शब्द आपल्या ओळखीचा आहे : पत. बर्लिनमध्यें १९२७ सालीं विजेचीं उपकरणें हप्त्यानें विकतांना गिऱ्हाइकांची पत नोंदण्यासाठीं जी संस्था निघाली, तिचा वंश 'शुफा' या नांवानें आज देशभर पसरला आहे. फोनचा करार, हप्त्यानें खरेदी, भाड्याचें घर, सर्वत्र तिचा दाखला मागतात. नव्यानें आलेल्या माणसाची तेथें वाईट नोंद नसते. नोंदच नसते, आणि पहिल्या वर्षीं घर शोधतांना तेंच अडचणीचें होतें. दाखल्याऐवजीं पगाराच्या चिठ्ठ्या, विद्यापीठाचें पत्र, किंवा जामीन पुढें करावा लागतो. आपल्या नांवावर काय लिहिलें आहे याची प्रत कायद्यानें फुकट मागतां येते. विकतचा दाखला पुढें करणाऱ्या जाहिरातींस भुलून आधीं पैसे भरूं नयेत.

घराच्या या टंचाईवर ठकांचा धंदा चालतो, आणि येथें आम्हांस जरा थांबून लिहावयाचें आहे. आमची पुतणी निघण्यापूर्वीं तिला म्युनिकमध्यें एक सुंदर खोली भाड्यानें मिळत होती. छायाचित्रें होतीं, मालकाचें सौजन्यपूर्ण पत्र होतें. मालक कामानिमित्त परगांवीं असल्यानें दोन महिन्यांचें भाडें आणि अनामत पाठविल्यावर किल्ली टपालानें येणार होती. तिचे वडील बँकेंत जावयास निघालेही होते. घरांतील वृद्ध काकूंनीं, ज्यांनीं आयुष्यांत बँकेची पायरी क्वचित् चढली असेल, चुलीपाशीं बसूनच विचारलें, "घर पाहिलें कुणी? मग किल्लीचे पैसे कसले?" तेवढ्यावर पैसे राहिले. पुढें आठवडाभरांत तीच छायाचित्रें दुसऱ्या शहराच्या नांवानें दिसलीं. अनामतीसंबंधीं कायदा स्पष्ट आहे. ती मूळ भाड्याच्या तिप्पटीहून अधिक असूं नये; तीन समान मासिक हप्त्यांत देतां येते; आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतांना द्यावयाचा, त्यापूर्वीं नाहीं. मालकानें ती स्वतःच्या पैशांत न मिसळतां निराळी ठेवावी लागते. घर न पाहतां, करार न होतां जो पैसे मागतो तो मालक नव्हे असेंच समजून चालावें.

आतां आमच्या भगिनी-वाचकांसाठीं. नोकरीवर गेलेल्या पतीमागून ज्या मुली जातात, त्यांच्या नांवानें वर्ष वर्ष खातेंच नसतें. 'घरांत एक खातें आहे, वेगळें कशाला?' असें पती म्हणतो, आणि त्यांत दुष्टावा नसतो. आमच्या परिचयांतील एका कुटुंबांत पतीस अकस्मात् रुग्णालयांत न्यावें लागलें व तो अडीच आठवडे बोलण्याच्या स्थितींत नव्हता. खात्यांत पैसे भरपूर होते. परंतु खातें त्याच्या एकट्याच्या नांवाचें, कार्डाची गुप्त संख्या त्याच्या डोक्यांत, फोन त्याच्याच बोटाच्या ठशानें उघडणारा. बँकेनें तिच्याशीं बोलण्यास नकार दिला, आणि कायद्यानें तो बरोबरच होता. दोन लहान मुलें घेऊन ती शेजारणीकडून हातउसने मागत होती. असा प्रसंग टाळण्यास तीन मार्ग आहेत. पत्नीचें स्वतःचें खातें असावें हा पहिला, आणि आमच्या मतें तो अवश्यच. वर सांगितलेला साध्या खात्याचा हक्क तिलाही आहे, मिळकत असो वा नसो. दुसरा, दोघांचें खातें, ज्यांत कोणीही एकट्यानें व्यवहार करूं शकतो. मात्र एकानें केलेल्या ओढगस्तीस दुसराही पूर्ण जबाबदार असतो, हें ध्यानांत ठेवावें. तिसरा, पतीच्या खात्यावर पत्नीस मुखत्यारपत्र, म्हणजे 'फोलमाख्त'. बँकेचा छापील कागद मिळतो. अर्ध्या तासाचें काम आहे. हें मुखत्यारपत्र मृत्यूनंतरही चालू राहील असें त्यांत लिहून घ्यावें. तें नसेल तर वारसाचा दाखला येईपर्यंत कित्येक महिने खात्यास हात लावतां येत नाहीं. हा विषय नवविवाहितांपुढें काढणें अशुभ वाटतें, हें आम्हीं जाणतों, तरीपण काढावा.

घरच्या बाजूचीं कामें वडिलांनीं करावयाचीं. मूल परदेशीं राहावयास गेलें कीं त्याचें येथील बचत खातें तसेंच चालविणें १९९९ च्या परकीय चलन कायद्यास धरून नाहीं. तें अनिवासी, म्हणजे 'एनआरओ' खातें करून घ्यावें लागतें. विद्यार्थ्यांसही हें लागू आहे. परदेशांतील मिळकत भारतांत ठेवावयाची असेल तर 'एनआरई' खातें निराळें. त्यावरील व्याजास येथें प्राप्तिकर नाहीं, आणि तो पैसा केव्हांही परत नेतां येतो. भारतांतील फोनक्रमांक चालू ठेवावा, कारण येथील बँकेचा गुप्त अंक त्यावरच येतो. रक्कम भरावयाची राहिल्यामुळें क्रमांक दुसऱ्याकडे गेला तर मोठा घोळ होतो. आणि एक गोष्ट स्पष्टच लिहितों. मुलीच्या जर्मन खात्याची गुप्त संख्या पुण्यास आपल्यापाशीं ठेवून रोज रात्रीं शिल्लक पाहणारे वडील आमच्या माहितींत आहेत. बँकेच्या कराराप्रमाणें तें चालत नाहीं, आणि उद्यां कांहीं अफरातफर झाली तर भरपाई मागण्याचा मुलीचा हक्क त्यानें दुबळा होतो. महिन्याच्या शेवटीं तिनें आपण होऊन चार ओळींचा जमाखर्च पाठवावा, आणि वडिलांनीं त्यावर विश्वास ठेवावा.

जागा थोडी उरली आहे, तेव्हां नागपूरच्या एका वाचक-भगिनीच्या पत्राचें उत्तर देतों. त्यांचा मुलगा श्टुटगार्टहून दरमहा आईवडिलांस पैसे पाठवितो. त्यावर आम्हांस कर पडेल काय, असें त्या विचारतात. मुलानें आईवडिलांस दिलेली रक्कम नातलगाची भेट म्हणून प्राप्तिकरांतून मुक्त आहे, मग ती कितीही असो. पण ती बँकेंत ठेवून जें व्याज येईल तें आपल्याच मिळकतींत धरलें जाईल. पैसे आल्याची बँकेची सूचना प्रत्येक महिन्याची जपून ठेवावी, आणि मुलाकडून वर्षांतून एकदां, ही रक्कम भेट म्हणून दिली आहे, एवढ्या दोन ओळी सहीनिशीं मागवून त्याच फायलींत लावाव्या.